बिऱ्हाडकाकू

जपानातल्या इचिकावात आम्ही मराठी शेजारी त्यांना बिऱ्हाडकाकू म्हणायचो. स्वतःचं नवंकोरं दुमजली घर असूनही 'आमचं घर' हे शब्द त्यांच्या तोंडी कधी आले नाहीत. "बिऱ्हाड आहे गं आमचं इथं," असं म्हणत आणि बाजाराची पिशवी ठेवून दारातल्या पायरीवरच टेकत. कायम दमलेल्या वाटायच्या.

घर ही काकांची हौस. मुंबईच्या एका कंपनीच्या कामासाठी ते जपानात आले आणि रमले. जमिनीचे भाव उतरलेले पाहून त्यांनी प्लॉट घेतला, लाकडी घर बांधलं. काकूंना पुण्याला परतायचं होतं. तेव्हा काकांनी त्यांना घरपट्टीतली सवलत समजावली. नव्या घराला पहिली तीन वर्षं निम्माच कर. "तीन वर्षं राहू, सवलत संपली की विकू आणि निघू." बाकी नियम काकूंच्या डोक्यावरून गेले, हे वाक्य मात्र त्यांनी धरून ठेवलं.

कर ठरवायला नगरपालिकेचा माणूस घर बघायला आला. जपानीत नावापुढे आदरानं 'सान' लावतात, म्हणून काकूंनी लगेच त्याचं 'करसान' केलं. काका ऑफिसात, म्हणून दुभाषी मी. माझं जपानी तेव्हा भाजी घेण्यापुरतं. तो पायमोज्यांत खोल्याखोल्यांतून हिंडला, छत, भिंती, न्हाणीघर बघत लिहीत राहिला. भिंतीत पक्की बसवलेली कपाटं करासाठी घरात धरायची, सुटं सामान धरायचं नाही, एवढं मला कळलं. काकूंकडे सगळंच सुटं. सुताराला त्यांनी एक फळीसुद्धा ठोकू दिली नव्हती. "कर वाढतो," हे त्यांचं कारण. वरच्या खोलीत स्टुलावर देवघर होतं. हे पक्कं आहे का, असं करसानने विचारलं. मी शब्द जुळवेपर्यंत काकूंनी ते देवांसकट उचललं. आतली घंटा वाजली. तो बिचारा मागे सरकला आणि वाकून वाकून माफी मागू लागला.

"सांग त्याला, उचललं की निघालो आम्ही!"

मला हसू आवरेना.

पुढच्या हिवाळ्यात कोबेला भूकंप झाला. घरोघरी लोकांनी कपाटं भिंतींना आवळून टाकली. काकांनी विनवण्या केल्या, पण काकू ऐकेनात. "निघताना पुन्हा कोण सोडवत बसणार?" मला त्यांचा रागच आला होता तेव्हा.

चौथ्या वर्षी पूर्ण कर भरायची नोटीस आली. जमिनीचे भाव आणखी पडले होते, विकणं परवडणारं नव्हतं. काका म्हणाले, "अजून थोडं थांबू." भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मला वाटत राहिलं. काकूंनी नोटीस माझ्याकडून वाचून घेतली.

"सवलत संपली, असंच लिहिलंय ना?"

"हो काकू."

"मग झालं," म्हणून त्या चहा टाकायला उठल्या.

त्याच वर्षी माझ्या नवऱ्याचं पोस्टिंग संपलं. निरोप घ्यायला गेले, तर काकूंनी ओटी भरली. नारळ मिळाला नाही म्हणून सफरचंद घातलं. देवाला नमस्कार करायला वर गेले. देवघर जरा तिरकं वाटलं म्हणून सरळ करायला हात लावला, तर ते हलेना. मागे लोखंडी पट्ट्या होत्या आणि स्क्रू भिंतीत गेले होते.

"भूकंपाचं भय असतं ना," काकू मागून घाईघाईनं म्हणाल्या. मग विचारलं, "आता करसान आला, तर हे घरात धरेल का गं?"

"धरेल बहुतेक," मी म्हटलं.

"धरू दे मग," काकू म्हणाल्या आणि पदरानं घंटा पुसू लागल्या.