गोठ्यातून आलेलं ‘ये रं’

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की चहा संपवून उठणाऱ्यांतला मी. कोपरगावात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. कॉइल जळली की मोटार बंद, नवी भरली की चालू... त्यापलीकडे माझी श्रद्धा कधी गेली नाही. पण मागच्या उन्हाळ्यात श्रीरामपूरजवळ, थोरल्या बहिणीच्या वस्तीवर जे घडलं, ते मला अजून कशातच बसवता येत नाही.

अक्काचे यजमान, आमचे दाजी, घशाच्या कॅन्सरने गेले. ऑपरेशनमध्ये आवाज गेला, शेवटचं वर्षभर ते हातवारे करूनच बोलायचे. एरवी त्या माणसाचा आवाज काय सांगू! पाहुणा निघताना ‘येतो’ म्हणाला, की दाजी असतील तिथून, बहुतेक गोठ्यातूनच, ओरडायचे, "ये रं, पन जेवून जायाचं हुतं!" पोटाला तडस लागेस्तोवर जेवलेल्यालाही हेच. आम्ही हसायचो.

दाजी गेल्यावर अक्का रडलीच नाही. भेटायला आलेल्या बायका गळ्यात पडून रडत, आणि हीच कोरड्या डोळ्यांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. धड दोन घास खात नव्हती. मोकळी झाली नाही तर अंथरूण धरेल, असं सगळे म्हणायचे. तेराव्यानंतरही मी जात राहिलो. तिच्या शेजारी बसून लसूण सोलायचो.

एका दुपारी ती हळूच म्हणाली, "बाळू, मला त्यांचा आवाजच आठवंना रं. तोंड दिसतंय, हात दिसत्यात... आवाज न्हाई. फोनमधी बी कुठं न्हाई. वरीसभर ऐकला न्हाई, तर इसरले का मी?"

मी आठवून पाहिलं – शब्द आठवले, आवाज मलाही आठवेना. पण तिला तसं सांगवलं नाही.

थोड्या वेळाने उठलो. दुखवट्याच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणायचं नसतं, गुपचूप निघायचं, हे आपल्याकडे कुणालाही माहीत. पण चप्पल घालताना सवयीने गेलंच तोंडातून, "अक्का, येतो."

ओट्यावर तिची चुलत सासू बसली होती. ती कडाडली, "आरं, मयताच्या घरून येतो म्हनत्यात व्हय?"

मी ओशाळलो. आणि तेवढ्यात गोठ्यातून आलं...

"ये रं, पन जेवून जायाचं हुतं!"

ऑपरेशनच्या आधीचा, भरदार आवाज. मी धावत गोठ्यात गेलो. गाई रवंथ करत होत्या, बाकी कुणी नाही. शेजारची वस्ती उसाच्या पलीकडे. चुलत सासूला काहीच ऐकू आलं नव्हतं, ती अजून मलाच रागवत होती.

अक्का मात्र दार धरून उभी होती. "ऐकलंस?"

मी मुद्दाम विचारलं, "तू काय ऐकलंस?"

तिने शब्द न् शब्द तोच सांगितला. आणि मग जी रडली... ओट्यावरच बसून, हंबरडा फोडून. चुलत सासूने रागावणं सोडून तिला पोटाशी धरलं. मीही रडलो. त्या दिवशी अक्काने भाकरी थापल्या, मला जेवू घालूनच सोडलं, आणि माझ्यासोबत स्वतःही जेवली.

हा काय प्रकार होता, मला आजही माहीत नाही. मित्र म्हणतात, भास. दोघांना एकच भास? असेल. मी वाद घालत नाही. वस्तीवरून निघताना अजूनही मुद्दाम ‘येतो’ म्हणतो, चप्पल घालायला जरा वेळ लावतो. गोठ्यातून काही येत नाही. चुलीपुढून अक्का ओरडते, "ये रं, पन जेवून जायाचं हुतं!"

आणि मी नुकताच तिच्याच हातचं पोटभर जेवलेलो असतो.