भंडारदऱ्याच्या वाटेवर एका नावाला दोन हजर

भंडारदऱ्याला कसं जायचं, असं लोक मला अजून विचारतात आणि मी दर वेळी गोंधळतो. रस्ता चांगला पाठ आहे हो, पण सांगायला लागलं की मध्येच पारूमावशी येते आणि धरण राहून जातं. म्हणून एकदाचं सगळंच लिहून टाकतो. गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची आहे, तेव्हा यातला धाब्यांचा आणि पेट्रोलचा सल्ला आजच्या हिशेबाने तपासून घ्या.

लग्नाला वर्ष व्हायचं होतं. मी म्हणत होतो दिवाळीआधी पुण्याला जाऊ, बागा-बिगा बघू. सुनंदा म्हणाली, "माझी सख्खी मावशी भंडारदऱ्याच्या वाटेवर राहते आणि तुम्ही मला झेंडूचे वाफे दाखवताय." झालं, ठरलं. निघताना आईने दारातून बजावलं, "पारू आता सरकारी होणार म्हणतात. खरं काय ते नक्की विचारून या. नाहीतर येशील आणि म्हणशील, बहुतेक."

केडगावातून उजाडायच्या आत स्कूटर काढली तर नगर शहर झोपेत असतानाच पार होतं. राहुरीला नाश्ता करावा, कोल्हारला प्रवरेचा पूल ओलांडून डावीकडे लोणीकडे वळावं, आणि पेट्रोल संगमनेरलाच भरून घ्यावं. पुढे भरवसा नाही. अकोल्यानंतर घाट लागला आणि रस्त्याने रंग दाखवायला सुरुवात केली. खड्ड्यांवर खडी नुसती पसरून ठेवलेली. स्कूटर सरकायची, सुनंदा पाठीला घट्ट धरायची, आणि मी त्या न पाहिलेल्या ठेकेदाराचा उद्धार करत होतो. राजूरला पेढे घेतले. ते मात्र घ्याच, आणि घरी पोचेपर्यंत पुडा उघडू नका. आमचा गावाबाहेरच उघडला.

राजूर सोडून थोडं पुढे गेलो आणि रस्ता एकदम गुळगुळीत. कडेच्या झाडांच्या बुंध्यांना चुना, वर गेरूचा पट्टा, बाजूची गटारं मोकळी, गवत छाटलेलं.

"इथे कुणाचं लग्नबिग्न आहे का?" मी विचारलं.

"मावशीचा टप्पा आला," सुनंदा म्हणाली.

एक पूल गेला, एक वळण गेलं, आणि पुन्हा तेच खड्डे सुरू. मावशीचं घर त्या खड्ड्यांच्या तोंडाशी होतं. मावशी ठेंगणी, काटक, आणि बोलताना सतत काहीतरी आवरणारी. तिचे यजमान किसनकाका ओट्यावर भिंतीला उशी लावून बसलेले. उठताना त्यांना खांब धरावा लागला.

चहा झाल्यावर मी आईचा प्रश्न काढला. मावशी म्हणाली, "हे बगा जावईबापू. पयलं रस्त्याचं काम बांधकाम खात्याकडं हुतं. तुमचे काका रस्त्याच्या गँगवर मजूर. एकेकाला एकेक टप्पा वाटून दिल्याला. मग समदं ठेकेदाराला दिलं. आता खातं परत घेनार हाय. जुन्या मानसांना बोलावलंय."

"म्हणजे काकांना?"

"व्हय, तेनांच."

"पण काम तर तुम्ही करता ना?"

"तेंची कंबर गेली तवापास्नं मीच करते की. मुकादम 'किसन' म्हनतो, मी 'हजर' म्हनते. खात्याकडं तसंच, ठेकेदाराकडं बी तसंच. समद्यांना ठावं हाय."

मला काही समजेना. नाव काकांचं, टप्पा काकांचा, चुना-गेरू मावशीचा. तिने मला समजावून सांगितलं तसं तिचा आवाज बसत गेला. उद्या खात्याचे साहेब पुलावर हजेरी घेणार होते. किसन समोर दिसला नाही तर नाव कटणार आणि टप्पा दुसऱ्याला जाणार. दिसला तर नोकरी काकांची, मग फावडं काकांनीच धरायचं. त्यांची कंबर तर त्यांना पाण्याची बादलीही उचलू देत नव्हती.

"आन मी काय करू?" मावशी म्हणाली. "घरात बसून मला येड लागंल."

काकांनी खुंटीवरचा खाकी सदरा काढायला लावला आणि सुनंदाकडून इस्त्री करून घेतली, म्हणजे तांब्यात निखारे भरून फिरवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही खरं तर रंधा धबधब्याला जाणार होतो, पण पाय आधी पुलाकडेच वळले. गँगची माणसं रांगेत उभी. काका मुकादमाच्या खांद्याला धरून ताठ उभे राहिलेले, मावशी बायकांबरोबर मागे, पदर डोक्यावर. जीपमधून उतरलेले साहेब तरुण होते, आवाज मऊ. एकेक नाव वाचत गेले. मग म्हणाले, "किसन."

"हजर," काका म्हणाले.

"हजर," मावशी म्हणाली.

दोन्ही एकदमच. मावशीने लगेच तोंडावर पदर दाबला. रांगेतली सगळी माणसं खाली बघायला लागली. साहेबांनी विचारलं, "किसन दोन आहेत का?"

"चुकून गेलं तोंडातून, सायेब," मावशी म्हणाली. मला तिची फार दया आली आणि त्या साहेबांचीही, कारण त्यांनाही माझ्याइतकंच कळत होतं.

काका म्हणाले, "चुकलं न्हाई सायेब. नाव माजं हाय. हजर तीच हाय. इतकी वर्सं."

साहेबांनी टप्प्याकडे, त्या पांढऱ्या बुंध्यांकडे बघितलं. "टप्पा छान ठेवलाय," ते म्हणाले. "पण नवं नाव घालायचा अधिकार मला नाही. जुना माणूस समोर उभा आहे, तेवढं मी लिहितो. उद्यापासून हजेरी त्यानेच द्यायची." आणि पुढचं नाव वाचलं.

म्हणजे झालं की नाही झालं? मी सुनंदाला विचारलं, तिने मला विचारलं. रंधा बघितला, पाणी भरपूर होतं. धरणाजवळच्या शेंडी गावात तांदळाची भाकरी आणि झणझणीत पिठलं खाल्लं, धरणाच्या भिंतीवरून चाललो. तेरड्याने डोंगर गुलाबी झाले होते. जाल तर याच दिवसांत जा. आम्ही मात्र तिथे उभं राहून काकांना फावडं कसं पेलणार यावरच भांडलो.

रात्र शेंडीला काढून तिसऱ्या दिवशी निरोप घ्यायला मावशीच्या घरी गेलो तर दाराला कडी. पुलाजवळ पोचलो आणि समोर लाल झेंडी आडवी आली. इस्त्रीचा खाकी सदरा, दगडावर टेकलेले काका, चेहरा कडक.

"थांबा पाव्हनं. काम चालू हाय."

मला जावई म्हणून ओळख दाखवतील तर शपथ. मागे मावशी गटारातला गाळ फावड्याने उपसत होती, पदर खोचलेला. मी मुकादमाला हळूच विचारलं, "हजर कोण म्हणालं?"

"काका. झेंडी धरायला बी मानूस लागतोच की."

"आणि मावशी?"

"त्या व्हय? त्या काकांचा डबा घेऊन आल्यात." त्याच्या तोंडावरची रेषही हलली नाही.

मावशी फावड्यावर टेकून म्हणाली, "पोरी, पेढं घेतलं का सासूला?" एवढंच. ती खूश होती का? मला तशी दिसली. सुनंदाला तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं. काकांनी झेंडी खाली केली आणि आम्हाला जायची खूण केली.

रस्ता खात्याकडे परत आला, हे चांगलंच झालं. पुढे आम्ही गेलो तेव्हा तो सगळाच सुधारलेला होता, बाजूच्या टप्प्यांनाही चुना होता. पण त्यात मावशीचं काय परत आलं, हे मी कितीदा मांडून बघितलं तरी दर वेळी वेगळंच येतं.

केडगावला पोचलो तेव्हा आई ओट्यावरच होती. पेढ्यांचा अर्धा पुडा हातात घेत तिने विचारलं, "पारू लागली का सरकारी?"

"हो," मी म्हणालो.

"नाही," सुनंदा म्हणाली.

दोन्ही एकदमच. आई आमच्या दोघांकडे बघत राहिली. "एक काय ते नक्की सांगा," ती म्हणाली.