पहिल्या ओळीचा मान

मला त्या माणसाचा आजही राग येतो, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. लातूरच्या एका डाळीच्या कारखान्याचा तो व्यवस्थापक. म्हणजे मालकाचा साडू, आणि तेवढीच त्याची लायकी. मी नांदेडचा, त्यांच्या संगणकांच्या जोडणीचं कंत्राटी काम बघणारा. कारखान्याची खरेदी केंद्रं कंधार, हिमायतनगर, बिलोली अशी पसरलेली होती. ट्रॅक्टर काट्यावर चढला की वजन लातूरच्या सर्व्हरला जायचं आणि तिथून होकार आला की केंद्रावर पावती निघायची.

हा सगळा कारभार एका म्हाताऱ्या प्रोग्रॅमवर चालला होता. तो इंटरनेटची भाषा बोलायचाच नाही. आयपीएक्स नावाची, जगानं कधीच टाकून दिलेली भाषा बोलायचा. त्या भाषेतल्या सर्व्हरांना आणि प्रिंटरांना एक घाणेरडी खोड असते. दर मिनिटाला 'मी इथं आहे, मी इथं आहे' असं ते सगळीकडे ओरडत बसतात. लातूरच्या ऑफिसात असली खोकी ढिगानं होती, त्यातली निम्मी कुणी वापरतही नव्हतं. त्या सगळ्यांचा गलका बिलोलीच्या बारीक लाइनीत घुसायचा आणि काट्याचं वजन मध्येच अडकायचं. नवा प्रोग्रॅम घ्या म्हणून मी घसा कोरडा केला. साडूसाहेब म्हणाले, "चालून राहिलंय ना? मंग कशाला हात लावायला?"

चालत नव्हतं. तुरीचा हंगाम, बिलोलीत गेटाच्या बाहेरपर्यंत ट्रॅक्टर, आणि काट्यावरच्या ताई पावतीची वाट बघत सगळ्यांची बोलणी खात बसलेल्या. ताई जवळच्याच खेड्यातल्या. घरच्यांशी भांडून संगणक शिकल्या होत्या आणि ती खुर्ची स्वतःच्या बळावर मिळवली होती. साडूनं निकाल लावून टाकला, "बाईचा हात चालत न्हाई. सुधारली न्हाई तर काढून टाकू."

मी तडक लातूर गाठलं. दोन गावांमधली वाहतूक राउटर नावाच्या डब्यातून जाते आणि काय सोडायचं, काय अडवायचं याची यादी त्या डब्याला देता येते. तो वरून एकेक ओळ वाचतो. जी पहिल्यांदा लागू पडेल तिच्यावर थांबतो, पुढं बघतसुद्धा नाही. मी पहिल्या ओळीत फक्त काट्याचा सर्व्हर सोडला आणि खाली बाकीच्या ऑफिसचं तोंड बंद केलं. संध्याकाळच्या आत ताईंचा फोन आला. "दादा, पावती लगेच निघून राहिली!" मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

मग साडूसाहेबांनी यादीचा कागद मागवला. त्यातलं त्यांना काडीचंही कळत नव्हतं, पण एक गोष्ट बरोबर दिसली.

"यात मालक कुठं हायत?"

मी सांगितलं, मालकांची केबिन अडवलेल्यांत आहे, तिथल्या प्रिंटरचं बिलोलीला काय काम?

"मालकाला मनाई? आन् पैल्या ओळीत काटा?"

आमच्याकडे लग्नपत्रिकेत कुणाचं नाव वर यावरून भावकी फुटते, हे मला ठाऊक आहे. पण डब्याच्या पोटातही मानपान लागतं हे त्या दिवशी कळलं. मी परोपरीनं समजावलं. केबिनचा आणि अख्ख्या ऑफिसचा नेटवर्क नंबर एकच आहे, तो वर घालून सोडला तर सगळा गलका सुटेल, खालच्या ओळी वाचल्याच जाणार नाहीत. "तू मला शिकवू नको," तो म्हणाला. मी हात लावणार नाही म्हटल्यावर त्यानं दुसऱ्या कंत्राटदाराकडून मालकाला पहिल्या ओळीत बसवून घेतलं. बिलोलीचा काटा पुन्हा आडवा झाला. "चार दिवस नीट केलं, पुन्हा आपल्या वळणावर गेली," असं म्हणून त्यानं ताईंना काढून टाकलं.

ताईंना काढल्याचं मला कुणी कळवलं नाही. मी आपला काटा सुरू करण्याच्या मागे. भांडून उपयोग नव्हता, म्हणून शेवटी मी पहिली ओळ मालकाचीच ठेवली, फक्त तिच्यात असा नंबर घातला जो साऱ्या कारखान्यात कुठल्याच यंत्राचा नव्हता. ती ओळ कधीच लागू पडणार नव्हती. राउटर ती ओलांडून पुढं जाणार, माझ्या जुन्या ओळी वाचणार. कागदावर नंबरापुढं मी मोठ्या अक्षरांत 'मालक' लिहिलं. साडूसाहेब खूश झाले.

त्याच दिवशी बिलोलीच्या खुर्चीत त्यांचा भाचा बसला. पावत्या फटाफट निघायला लागल्या, आणि हा माणूस सगळ्या केंद्रांवर सांगत सुटला की बाई गेली आणि काटा सुधारला.

मी त्याच्या केबिनमध्ये घुसलो. फरक माणसाचा नाही, यादीचा आहे, हे तोंडावर सांगितलं. त्यानं शांतपणे कागद पुढं सरकवला. "यादी हीच व्हती. मालक वर. बदललं ते माणूस."

"तो नंबर खोटा आहे," मी ओरडलो.

तो हसला. "बाईचा लई कळवळा हाय तुला." दारातला शिपाईही हसला. त्या हसण्यावर माझ्या तोंडून जे गेलं ते इथं लिहिता येणार नाही. माझं कंत्राट तिथंच संपलं.

त्यानंतर ताईंचा एकदाच फोन आला. नोकरीचं त्या काही बोलल्या नाहीत.

"दादा, मी गेल्यापासून काटा नीट चालून राहिला म्हणं. खरं हाय का?"

"हाव."

"मंग माझंच चुकत व्हतं काय?"

मी सगळं सांगितलं. राउटर, ओळी, खोटा नंबर, सगळं. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "तुमी भले हाव दादा, म्हणून असं सांगून राहिले," आणि फोन ठेवला.