वासाचा चहा

आमच्याकडं पुणतांब्याला गवती चहाचं कुणाला कौतुक नाही. मोरीचं पाणी जिथं जिरतं तिथं त्याचं बेट आपोआप फोफावतं. पावसाळ्यानंतर त्यात साधं गवतही घुसतं, आणि दोन्हींच्या पाती दिसायला सारख्याच. म्हणून पात खुडली की चुरगाळून हुंगायची, मगच घरात आणायची. सासूबाईंचा दंडकच होता तसा. न हुंगता कुणी पात आणली तर म्हणायच्या, "गाईला घालायचीय का मानसाला?"

कोरोना झाला आणि आमच्या मालकांना वास येईनासा झाला. ताप उतरला, खोकला गेला, तोंडाला चव आली, पण वास परतला नाही. आमचं गुलाबाचं रान, फुलं शिर्डीला जातात. सकाळी फुलांच्या ढिगात बसून हा माणूस म्हणायचा, "नुसता कागद हाय गं." मला ते बघवायचं नाही.

मग मी हट्टालाच पेटले. रोज तोच तोच वास घेतला की नाक पुन्हा शिकतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. रोज सकाळी बिनदुधाचा चहा. पाण्याला उकळी फुटली की पात टाकायची, गुळाचा खडा टाकायचा, गॅस बंद करून झाकण ठेवायचं. मग पातेलं त्यांच्या नाकाशी नेऊन झाकण काढायचं. "येतोय का वास?"

कितीतरी दिवस "न्हाई"च. मग एका सकाळी वाफेत डोळे मिटून म्हणाले, "व्हय गं. आला. लई लांबनं आल्यावानी आला."

मी नाचायचीच काय ती बाकी राहिले! त्यानंतर रोज तेच. बाहेर गोदावरीवरचं धुकं, आत ही वाफ, वाफेत आमची दोघांची तोंडं, आणि त्यांचं ते हळूच "वा!" सकाळ पुढं सरकूच नये असं वाटायचं.

यंदाच्या थंडीत एकदा माझा गुडघा धरला. "पड तू, च्या मी करतो," म्हणाले. अर्धवट झोपेत मी ऐकत होते. मागच्या दाराची कडी, पातेलं, मग पाण्याची गुणगुण. डोळा लागत होता, उघडत होता. पाणी उकळल्याचं कळलं, पण वास येईना. अगं बाई, माझंही नाक गेलं की काय! पण गुडघ्याच्या बामचा वास तर झणझणीत येत होता.

कप हातात आला. रंग हिरवट, वाफ झकास, आणि वास उकडलेल्या गवताचा. लंगडत ओट्याशी गेले, उरलेली पात चुरगाळून हुंगली. नुसतं गवत होतं.

"तुमाला वास येतच न्हाई," मी म्हटलं.

ते खिडकीबाहेर बघायला लागले.

"कवापासनं थापा मारताय?"

"पयल्यापासनं."

"आन् ते डोळे मिटून वा वा?"

"झाकन काढलं की तू माझ्या तोंडाकडं बघायचीस. न्हाई म्हनलं की तुझं तोंड एवढंसं व्हायचं. मंग म्हनलं एक दिवस व्हय."

असा राग आला! कप ओट्यावर आदळला. "रोज सकाळी येड्यावानी पातेलं नाचवत हुते मी!" मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं. त्याच तिरीमिरीत मागं गेले, हुंगून हुंगून खरी पात आणली, चहा टाकला. या वेळी झाकण काढलं, पण काही विचारलं नाही.

"तूच सांग मंग," ते म्हणाले. "कसा येतोय?"

जन्मभर बोलण्यात माझा कुणी हात धरू शकलं नाही, आणि आता सांगता येईना. "लिंबावानी," मी म्हटलं.

"लिंबाचा तरी कुटं येतोय मला?"

मला रडता रडता हसू आलं. "आठवतो तरी का?"

"आठवतो की. लिंबाचा, गुलाबाचा, तुझ्या आईनं कढवलेल्या तुपाचा. समदं आठवतंय." मग म्हणाले, "नातीचा तेवढा ठाऊक न्हाई. ती नंतर जल्मली."

नातीला मांडीवर घेतलं की टाळू हुंगून "दुधाचा वास येतो गं बाई" असं मी म्हणते, आणि हे शेजारी बसून मान डोलावतात.