बुटकीनं पुसलेली बातमी

बुटकी एका छोट्या वर्तमानपत्राची वेबसाइट सांभाळायची. खाली दादाचा, म्हणजे थोरल्या भावाचा, सुतारकामाचा कारखाना. वर माळ्यावर तिचं टेबल. होस्टिंग कंपनीचा सर्व्हर कुठं लांब होता कोण जाणे; ही इथं बसून काळ्या पडद्यावर हुकूम लिहायची आणि तिकडं काम व्हायचं. ‘पोरीनं भूत पाळलंय,’ असं दादा गिऱ्हाइकांना सांगायचा.

रंगाच्या कारखान्याला आग लागली तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं, म्हणून माणसं आत जळाली, अशी बातमी संपादकांनी लावली. कारखानदाराच्या माणसांनी त्यांना केबिनमध्येच लोळवलं आणि जबड्यावर बूट दाबून सर्व्हरचा पासवर्ड काढून घेतला. तो चालेना. बुटकीनं पासवर्डनं आत जायची सोय कधीच बंद केली होती. सर्व्हर फक्त तिच्या लॅपटॉपमधली डिजिटल किल्ली ओळखायचा, आणि त्या किल्लीलाही परवलीचं वाक्य लागायचं. आणखी दोन लाथा बसल्यावर संपादकांनी बुटकीचा पत्ताही दिला.

भरदुपारी त्यांच्यातले दोघं दादाच्या कारखान्यात शिरले. दादानं हातोड्यानं एकाचा खांदा निखळवला, तेवढ्यात दुसऱ्यानं, एका जाडमान्यानं, दादाच्या डोक्यात फळी घातली. आवाज ऐकून बुटकी खाली धावली, तर दादाचा डावा हात बाकावर दाबून धरलेला आणि त्याचाच हातोडा जाडमान्याच्या हातात.

“बातमी पूस,” तो म्हणाला.

“पुसलीस तर माझ्याशी गाठ आहे,” दादा म्हणाला.

हातोडा पडला. करंगळीचं हाड वाळल्या काटकीसारखं मोडलं. दादा बाकावर ओणवला. बुटकीनं लॅपटॉप आणला. परवलीचं वाक्य पुनःपुन्हा चुकत होतं. शेवटी ती आत शिरली, बातमी पुसली, फोटो पुसले आणि कोरं पान दाखवलं.

जाडमान्यानं मान डोलावली आणि शेजारच्या बोटावर दुसरा घाव घातला. “ही आठवण,” म्हणाला.

मग बुटकीला काही सुचेना. बाकावरची पटाशी उचलून तिनं त्याच्या मांडीत मुठीपर्यंत खुपसली, उपसली, पुन्हा खुपसली. तो बैलासारखा डुरकला. जोडीदारानं एका हातानं त्याला फरफटत नेलं आणि जाता जाता लॅपटॉपही उचलला. रक्ताचा माग काढत पोलीस, जाडमान्याला नेलं होतं त्या दवाखान्यापर्यंत पोहोचले.

दादाला दाखल केलेल्या इस्पितळाच्या जिन्यात बसून बुटकीनं होस्टिंग कंपनीला फोन लावला, आपली ओळख पटवली आणि चोरीला गेलेली किल्ली रद्द करवली. कंपनीकडं वेबसाइटची आदल्या दिवशीची प्रत होती. तिच्यावरून बातमी पुन्हा झळकली. नखांतलं रक्त अजून ओलंच होतं.

दादाची दोन बोटं कापावी लागली. पुढं कितीतरी दिवस तो बुटकीशी बोलला नाही. जखम भरत आल्यावर एकदा जेवताना म्हणाला, “पुसायचीच होती, तर माझं पहिलं बोट कशाला घालवलंस?”

“माझा धीर उशिरा सुटला,” ती म्हणाली.

दादानं ताट पुढं सरकवलं. भाकरी एका हातानं मोडत नव्हती. तिनं ती मोडून दिली आणि दोघं जेवले.