वहीतला पाचवा रकाना

शेवटच्या भेटीत अक्कानं मला एवढंच विचारलं, "वही आणलीस?" नव्हती आणली. सव्वादोन वर्षांत तिच्या आजारपणाची वही न घेता मी तिच्यासमोर पहिल्यांदाच बसलो होतो. आता लिहिण्यासारखं काही उरलं नाही, असं डॉक्टरांनी सकाळी सांगितलं होतं. ते तिला सांगणं मला जमेना, म्हणून "विसरलो" म्हणालो. तिचे ओठ हसल्यासारखे हलले. "बरं झालं. आज नुसता बस की." मी तासभर बसलो. तिचा हात धरून बसलो होतो असं मी भेटायला येणाऱ्यांना सांगत असतो. खरं म्हणजे माझ्या हाताला दुसरं काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला रुग्णालयातून फोन आला. उणकलच्या माझ्या घरून तिथं पोचायला नेहमी पंचवीस मिनिटं लागतात, त्या दिवशी अठरा लागली. वाचलेल्या सात मिनिटांचा कुणालाच काही उपयोग नव्हता. त्याला आता सात आठवडे झाले.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण शालिनी. माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ती एकोणीसची. वडील फिरतीवर असत, त्यामुळे मला न्हाऊमाखू घालण्यापासून पावकी-निमकी पाठ करून घेण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. लग्नाचा विषय कुणी काढला की म्हणायची, "एक पोरगं आहे की पदरात, आणखी किती सांभाळू?" धारवाडच्या मुलींच्या शाळेत तिनं चौतीस वर्षं गणित शिकवलं आणि सप्तापुरात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात एकटी राहिली. वह्या तपासायची तिची एक रीत होती. चुकलेल्या गणितावर ती कधी फुली मारत नसे. जिथं चूक असेल तिथं लाल पेन्सिलीनं एक बारीक ठिपका द्यायची, बस्स. चूक काय आहे ते सांगायचं नाही, ज्याचं त्यानं शोधायचं. लहानपणी मी या ठिपक्यांवर फार चिडायचो. "सांग ना काय चुकलं!" "डोळे आहेत नव्हं तुला? बघ की नीट." मग मी बघायचो, आणि चूक सापडेपर्यंत जेवायला उठायचो नाही. पुढं सरकारी गोदामात साठा मोजायची नोकरी मला लागली, ती एका अर्थानं तिनंच लावली. पोती कमी भरली तर माल गेला कुठं हे शोधल्याशिवाय मी घरी जात नाही, ही माझी ख्याती आहे. ती इथं मुद्दाम सांगतो आहे.

दोन वर्षांमागच्या जानेवारीत तिला जिना चढताना धाप लागायला लागली. नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ११.२. त्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली आणि पाच रकाने आखले. तारीख, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि शेवटचा, विशेष. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. एप्रिलमध्ये १०.१, जुलैत ९.४, ऑक्टोबरात ८.६. वजन अठ्ठावन्नचं बावन्न झालं. आम्हाला याचं कारण ठाऊक होतं, निदान तसं आम्हाला वाटत होतं. अक्काचे उपास. सोमवार, शनिवार, दोन एकादश्या आणि संकष्टी. महिन्याचे अकरा दिवस ती साबुदाणा, वरई, नाहीतर नुसतं ताक यांवर काढायची. माणूस थकणार नाही तर काय होणार? पोट साफ होत नाही, तेही उपासानं. उजव्या कुशीत जडपणा वाटतो, तो साबुदाण्यानं. मी तिच्याशी भांडलो, अगदी घसा बसेपर्यंत. शेवटी तिनं शनिवार सोडला. "घे, एक वार तुझ्या नावानं सोडला. आता तरी गप्प बसशील का रे?" मी तो विजय वहीत लिहून ठेवला. शनिवार सोडल्यावरही वजन उतरतच राहिलं, तेव्हा मी पुढचं भांडण सोमवारवर सुरू केलं. रक्त दर तीन महिन्यांनी कमी भरत होतं, मी आकडा टापटिपीनं लिहीत होतो, आणि ते जातंय कुठं हा प्रश्न गोदामाच्या फाटकाबाहेर मला एकदाही पडला नाही.

डॉक्टरांनी तो विचारला होता, हे मला लिहायलाच हवं. बहुधा एप्रिलातली भेट. अक्का त्यांच्या समोरच्या स्टुलावर, मी शेजारच्या खुर्चीत, मांडीवर वही. प्रत्येक तपासणीला मी असाच बसत होतो. लोक म्हणायचे, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं, शौचाला रक्तबिक्त जातं का, रंग बदललाय का? अक्कानं मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. दोन-तीन सेकंद गेले असतील. तेवढ्यात मीच उत्तर दिलं, "एनू इल्ल, डॉक्टर." काही नाही. हे मी कशाच्या जोरावर सांगितलं? तिनं मला तसं काही सांगितलेलं नव्हतं, एवढ्याच जोरावर. डॉक्टर म्हणाले, लोहाच्या गोळ्यांनी काळपट होतं, घाबरू नका. त्यांनीही तिच्याकडे बघून दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी पाचव्या रकान्यात लिहिलं, 'विशेष काही नाही'. ते अक्षर आजही सुवाच्य आहे.

डिसेंबरात ती भाजी घेऊन येताना पायरीवरच बसली. हिमोग्लोबिन ७.९. रक्त चढवायला हुबळीच्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मी वही उघडून सांगायला सुरुवात केली तशा त्या म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा."

"मी भाऊ आहे त्यांचा. सगळी माहिती माझ्याकडं आहे."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

मी अकरा मिनिटं बाहेर बसलो. माझा अपमान झाला असं मला वाटत होतं. बाई बाहेर आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "बरेच महिने रक्त जातंय त्यांना. घरात कुणालाच माहीत नाही?" मग त्यांनी मला एक गोष्ट समजावली, इतकी साधी की एखाद्या कारकुनालाही कळावी. पाळी बंद झालेल्या बाईचं रक्त असं उतरत असेल आणि गोळ्यांनी भरत नसेल, तर ते कुठूनतरी गळत असतं. ते कुठून हे शोधेपर्यंत नुसत्या गोळ्या देऊन भागत नाही. तिसऱ्या दिवशी आतड्यात दुर्बीण घातली. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ निघाली. उजव्या बाजूची गाठ फार दिवस बोलत नाही म्हणे, तिथं आतडं रुंद असतं, अडत काही नाही, नुसतं थोडं थोडं रक्त जात राहतं आणि माणूस दमत जातो. स्कॅनमध्ये यकृतावरही डाग दिसले. मी बाईंना सरळ विचारलं, एप्रिलात कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, "ठाम सांगता येणार नाही. पण शक्यता वेगळी असती." ही दोन वाक्यं मी वहीत लिहिली नाहीत. त्याची गरज पडली नाही.

त्या संध्याकाळी मी अक्काला विचारलं, मला का सांगितलं नाहीस? ती खिडकीकडं बघत म्हणाली, "तुला काय सांगायचं रे असलं... तुझी ढुंगणं धुतली मी." तेव्हा मला राग आला. एवढी शिकलेली बाई, आयुष्यभर शिकवलेलं, आणि लाजेपायी असं करावं? राग तिच्यावर ठेवणं सोयीचं होतं. मी तो बरेच महिने ठेवला.

पुढचं सव्वा वर्ष दवाखान्याच्या फेऱ्यांत गेलं. आधी शस्त्रक्रिया, कारण गाठ वाहत होती. मग दर तीन आठवड्यांनी केमो. औषधानं तिच्या बोटांना गारव्याचा झटका बसायचा. नळाच्या पाण्यात, स्टीलच्या भांड्याला हात लावला की सुया टोचल्यासारखं होई. वैशाखात ती लोकरीचे हातमोजे घालून फ्रिज उघडायची आणि शेजारणीला सांगायची, "उटीला निघालेय गं." मी तराजू आणला. डाळ किती, अंडं घ्यायचं कबूल करत नाही तर पनीर किती, सगळं मोजून. एकदा तिनं ताट बाजूला सारलं. "साहेब, मापं झाली असतील तर मीठ घाला की थोडं." नात्यातले लोक येत, कुणी गव्हांकुराचा रस सांगे, कुणी हे सगळं इंग्रजी औषधांनीच होतं म्हणे. मी त्यांना दारापर्यंत पोचवून येई. आठ केमो ठरल्या होत्या, सहा झाल्या. मग डाग वाढले, आणि ती स्वतःच म्हणाली, पुरे.

तिच्या तिसऱ्या केमोच्या वेळी बाईंनी मला बजावलं होतं, सख्ख्या भावंडानं दुर्बिणीची तपासणी करून घ्यायलाच पाहिजे. मी करून घेतली. खोलीत शिरण्याआधी बायकोला, सुलभाला, मी बाहेर बसायला सांगितलं आणि डॉक्टरांच्या एकूण एक प्रश्नाची उत्तरं दिली. मला अजिबात लाज वाटली नाही. आतड्यात आठ मिलिमीटरचा एक कोंब, पॉलिप, निघाला, तो तिथल्या तिथं काढला. तो पुढं बिघडला असता, आता बिघडणार नाही. अर्ध्या तासाचं काम. अक्काला सांगितलं तेव्हा तिनं मोज्यातल्या हातांनी माझं तोंड कुरवाळलं. "सुटलास बाबा." तिला खरंच आनंद झाला होता. त्या आनंदाकडं मला बघवेना.

तेराव्याला आलेल्यांनी माझी वही हातोहात फिरवून पाहिली. काय टापटीप, किती केलंत हो बहिणीसाठी! मी हात जोडत राहिलो. त्यानंतरच्या रविवारी सुलभा आणि मी सप्तापूरचं घर आवरायला गेलो. दूधवाला नागप्पा दारात आला, बराच वेळ चप्पल न काढता उभा राहिला. इकडं शिक्षिकेला अक्कोरू म्हणतात. नागप्पाची मुलगी तिच्याच वर्गात शिकलेली. "अक्कोरू गेल्या," एवढंच तो दोनदा म्हणाला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, ती आजारी पडली त्या वर्षी तुझे बरेच खाडे झाले होते रे. त्याचा चेहरा उतरला. "खाडे? अक्कोरूंकडं? नाही री साहेब. माझा बाप मेला त्या दिवशी पोरीला पाठवलं होतं दूध घेऊन. एक दिवस नाही चुकलो."

तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. अक्का जुनं कॅलेंडर काढत नसे, नवं त्याच खिळ्यावर वरून अडकवायची. मी वरची दोन उचलली. खालच्यावर, तारखांच्या चौकोनात, लाल पेन्सिलीचे बारीक ठिपके होते. ते मी पूर्वी पाहिले होते. दर रविवारी मी जेवायला तिच्याकडं जायचो, आणि माझा पाट त्या भिंतीसमोरच असायचा. दिवाळीच्या सुमारास विचारलंही होतं, हे ठिपके कसले? ती भाकरी थापत होती. क्षणभर हात थांबला. मग म्हणाली, "दूध आलं नाही त्या दिवसाचे." मी मान हलवली आणि जेवत राहिलो. नागप्पा कधी चुकत नाही, हे त्या घरातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं.

फेब्रुवारीत एक. मार्चात एक. एप्रिल, मे दोन दोन. जून, जुलै तीन तीन. ऑगस्टात चार, मग सहा, सात, आठ, आणि डिसेंबरात, तपासणीच्या दिवसापर्यंत, नऊ. मी पिशवीतून वही काढून ओट्यावर कॅलेंडराशेजारी ठेवली. इकडं आकडा उतरत होता, तिकडं ठिपके चढत होते. डॉक्टरांना जे हवं होतं ते सगळं आमच्या दोघांकडं मिळून होतं. माझ्या वहीत पाचवा रकाना महिन्यामागून महिना तेच सांगत होता, विशेष काही नाही.

सुलभा मागं येऊन उभी राहिली होती. तिनं दोन्ही पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अक्का मला म्हणाल्या होत्या त्या उन्हाळ्यात. ह्याला एक दिवस ऑफिसला पाठव गं, आपण दोघी जाऊ डॉक्टरकडं. मी म्हटलं, ते ऐकतात होय..."

घरमालकांनी महिनाअखेरीपर्यंत मुदत दिली आहे. भांडी दिली, पुस्तकं शाळेला गेली, पाट सुलभानं घरी नेला. कॅलेंडर अजून खिळ्यावर आहे. काल पुन्हा गेलो होतो. जमिनीवर, जिथं पाट असायचा तिथं बसून बघितलं. ठिपके बरोबर डोळ्यांसमोर येतात. चूक तिनं सांगितली नव्हती, सांगायची तिची रीतच नव्हती. मी ते पुन्हा मोजले. सेहेचाळीस.