हिवरखेडहून आलेला अलर्ट

मागच्या मंगळवारी अमरावतीच्या ऑफिसात नुकताच जेवणाचा डबा उघडला होता, तेवढ्यात मोबाईल वाजला. हिवरखेडच्या यूपीएसच्या, म्हणजे वीज गेली की चालणाऱ्या बॅटऱ्यांच्या, खोलीचं तापमान वाढतंय, असा अलर्ट होता...

थोडं आधीचं सांगते. शेतमालाची खरेदी-विक्री करणाऱ्या एका कंपनीत मी नेटवर्क सांभाळते. मुख्य ऑफिस अमरावतीला, शाखा अकोला, हिवरखेड आणि शेंदूरजनाघाटला. कुठे काही बंद पडलं की तिथून आरडाओरडा झाल्यावरच आम्हाला कळायचं.

म्हणून या उन्हाळ्यात प्रत्येक शाखेत एक छोटं यंत्र बसवलं. तिथले राउटर, कॅमेरे, यूपीएस यांच्यावर ते नजर ठेवतं आणि सगळी खबर अमरावतीच्या एका स्क्रीनवर येते. खोलीचं तापमानही त्यातच दिसतं.

पहिल्यांदा वाटलं, एसी बंद पडला असेल. मे महिना, अकोल्याकडचं ऊन... पण आकडा थांबेना. बघता बघता चढतच होता.

आणि मग एकदम सुनंदाताई आठवल्या.

हिवरखेडचं ऑफिस त्या सांभाळतात, दुपारी तिथे एकट्याच असतात. मी यंत्र बसवायला गेले होते, तेव्हा त्यांनी मला त्याच खोलीत नेऊन जेवू घातलं होतं. "बाहेर जीव जाते माय. एसी इथंच हाय, तं मी दार लावून इथंच जेवतो अन् जराशी लवंडतो," असं म्हणाल्या होत्या.

फोन लावला. रिंग वाजत राहिली... पुन्हा लावला. कोणी उचलेना.

तेवढ्यात हिवरखेडचं सगळंच बंद झालं. राउटर, कॅमेरे, आमचं ते यंत्र, सगळं एकदम लाल. म्हणजे यूपीएसच गेला होता. आता आत काय चाललंय ते कळायला काही मार्गच नव्हता. बंद खोली, तापलेल्या बॅटऱ्या आणि आत एक बाई.

अमरावतीहून निघाले असते तर पोहोचायला संध्याकाळ झाली असती. अकोल्याच्या शाखेतल्या गजाननभाऊंना फोन केला. काय बोलले ते मलाही धड आठवत नाही. भाऊंनी एकच विचारलं, "ताई आतमंदी हायेत काय?"

"माहीत नाही भाऊ... पण असतील."

"माह्या साळ्याचं, प्रमोदचं, खताचं दुकान हाय तिथंच. थांबा, त्याले धाडतो."

"आधी बाहेरचं मेन स्विच पाडायला सांगा. मग दार. आणि आत काडी-दिवा लावू नका म्हणावं, बॅटऱ्यांचा गॅस पेटतो."

मग वाट बघणं... इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती. शेजारच्या टेबलावर कोणीतरी हसत होतं, एसीचा आवाज येत होता, आणि मी फोनकडे टक लावून बसले होते. पुन्हा पुन्हा एकच मनात यायचं, फोन आला आणि भाऊ काही बोललेच नाहीत तर?

फोन आला. "प्रमोद पोचला. दाराखालून धूर निंगून राह्यला म्हणते. आतून कडी हाय. तोडून राह्यले लोकं."

फोन चालूच होता, मी तो कानाला घट्ट धरून ठेवला. भाऊंच्या दुसऱ्या फोनवर प्रमोद ओरडत असावा, कारण मधेच भाऊ म्हणाले, "काढलं... ताईले काढलं बाहेर. बेसुद हायेत. पण श्वास चालू हाय."

मी तिथेच टेबलावर डोकं टेकलं.

नंतर कळलं ते असं. एसी बंद पडला आणि बॅटऱ्या तापून फुगल्या. सुनंदाताईंचा डोळा लागला होता. गॅसच्या सडक्या अंड्यासारख्या वासाने जाग आली, उठल्या, आणि दारापर्यंत पोहोचायच्या आत चक्कर येऊन पडल्या. मोबाईल बाहेर टेबलावर चार्जिंगला होता...

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून त्यांचाच फोन आला. घसा बसलेला. मला रडूच फुटलं.

"काहून रडून राह्यली वं?" त्या खेकसल्या. "पडलो मी, अन् रडते तू!"

आता बॅटऱ्यांची खोली वेगळी केलीय आणि आणखी एक एसी ताईंच्या टेबलाजवळ लावलाय. तरी माझी भीती गेलेली नाही. दुपारी मोबाईल वाजला की डबा बाजूला सारून आधी स्क्रीन बघते.

प्रमोदभाऊंना मी अजून पाहिलेलं नाही. भर दुपारी दुकान उघडं टाकून हा माणूस धावला, आणि धूर दिसत असतानाही आत शिरला. या रविवारी हिवरखेडला जातेय... आधी त्यांच्या दुकानात.